तापांतला न विचारलेला प्रश्न

कांहीं विषय असे असतात कीं, ते चारचौघांत काढणें आपल्याकडे शिष्टाचाराला सोडून समजतात. आज मी ज्या विषयावर लिहिणार आहें, तो त्यांतलाच एक आहे. जन्मभर शब्दरूपावलि आणि संधि शिकविलेल्या मास्तरानें म्हातारपणीं लघवीवर निबंध लिहावा, हें पाहून माझे जुने विद्यार्थी गालांतल्या गालांत हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. या एका शब्दाच्या संकोचापायीं आमच्या घरांतला एक माणूस गेला, आणि दुसरा जातां जातां राहिला. दुसरा राहिला त्याचें श्रेय माझ्याकडे नाहीं. उलट माझ्या हातून त्यांत अडथळाच झाला. जें घडलें तें आहे तसें सांगावें, म्हणजे वाचणार्‍या दहा-वीस घरांना तरी त्याचा उपयोग होईल, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

आमचें घर कुंडलास. कुंडल हें पलूस तालुक्यांतलें गांव. आमचा जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा या नांवानें ओळखला जाई, पुढें तो सांगली झाला. आमच्या वडिलांच्या तोंडीं मात्र शेवटपर्यंत साताराच होता. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनालाहि पूर्वीं आमच्याच गांवावरून कुंडल रोड म्हणत. एका अंगाला डोंगर, दुसर्‍या अंगाला मळे, आणि मळ्यांत ऊंस. आम्ही दोघे भाऊ. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, शास्त्र्यांच्या पायाशीं बसून थोडेंबहुत संस्कृत शिकलों, आणि मास्तरकी पत्करून गांवींच राहिलों. धाकटा मुंबईस नोकरीला लागला आणि कुर्ल्याच्या एका चाळींत बिर्‍हाड करून राहिला.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहींत. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. गाड्या बंद पडल्या. माझा भाऊ कचेरींतून निघाला तो कंबरभर पाण्यांतून पांच-सहा तास चालत मध्यरात्रीं घरीं पोंचला. दुसर्‍या दिवशीं कसाबसा टेलिफोन लागला तेव्हां म्हणाला, “अण्णा, सुखरूप आहें. टांचेला थोडें खरचटलें आहे इतकेंच.”

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनीं त्याला थंडी वाजून ताप भरला. डोळे लाल झाले, पोटर्‍या धरून आल्या. पोटर्‍या चालण्यानें दुखतात असें सर्वांनीं धरलें. अंगदुखीसाठीं दुकानांतून गोळ्या आणल्या व त्या दिवसांतून तीन-तीन वेळां घेतल्या. सहाव्या दिवशीं डोळ्यांत पिंवळेपणा दिसूं लागला, आणि आठव्या दिवशीं त्याला इस्पितळांत नेलें. मी रात्रीच्या गाडीनें निघून सकाळीं तेथें पोंचलों, तों डॉक्टर विचारीत होते, “यांना लघवी होऊन किती वेळ झाला?”

माझी भावजय माझ्याकडे पाहूं लागली, मी तिच्याकडे. आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतें. शेवटीं सतरा वर्षांचा पुतण्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “बाबांना परवां रात्रीपासून झालेली नाहीं. ते म्हणाले, आईला सांगूं नकोस, ती उगाच घाबरेल.”

दहाव्या दिवशीं माझा भाऊ गेला. दोन्ही मूत्रपिंडें बंद पडलीं होतीं, आणि फुप्फुसांतहि रक्त उतरलें होतें. डॉक्टर भला माणूस होता. त्यानें दोष कोणालाच दिला नाहीं. जातांना एवढेंच म्हणाला, “दोन दिवस आधीं कळतें तर कांहीं करतां आलें असतें.” हें वाक्य मीं गांठीला बांधून गांवीं आणलें, भावजयीला आणि पुतण्याला घरीं आणलें, आणि कर्तव्य झालें असें समजलों.

त्या तापाचें नांव लेप्टोस्पायरोसिस. लोक त्याला नुसतें लेप्टो म्हणतात. याचे जंतु स्क्रूच्या फेर्‍यांसारखे पिळदार असतात. ते उंदरांच्या, गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडांत वस्ती करतात. उंदराला त्याचा त्रास असा होतच नाहीं. तो आपल्या लघवीबरोबर ते ओल्या जमिनींत आणि सांचलेल्या पाण्यांत सोडीत राहतो. त्या पाण्यांतून जाणार्‍या माणसाच्या पायाला चीर असली, किंवा पाणी डोळ्यांत-तोंडांत गेलें, कीं जंतु आंत शिरतात, आणि बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं ताप येतो. कावीळ आणि मूत्रपिंडांचा बिघाड यांसह येणार्‍या या तापाचें वर्णन हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल या वैद्यानें १८८६ सालीं केलें. जंतु मात्र सांपडला पुढें सुमारें तीस वर्षांनीं, जपानांत, इनाडा आणि इडो या संशोधकांना. आमच्यासारख्या ऊंस पिकविणार्‍या मुलुखानें तर याची आणखी एक हकीकत लक्षांत ठेवावी. ऑस्ट्रेलियांतील उत्तर क्वीन्सलँड प्रांतांत ऊंस तोडणार्‍या मजुरांमध्यें हाच ताप पसरला, तेव्हां उंदीर पळून जावेत म्हणून तोडणीपूर्वीं फड जाळावा, अशी मागणी करून मजुरांनीं १९३५ सालीं मोठा संप केला होता. ऊंस आहे तेथें उंदीर आहे, आणि उंदीर आहे तेथें ओल्या पायांनीं जाणार्‍याला धोका आहे.

परंतु मूत्रपिंडांवर घाला घालणारा ताप हा एकटाच नव्हे. फाल्सिपेरम जातीच्या हिंवतापांत जंतूंनीं भरलेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांना चिकटून बसतात आणि फुटतात. लघवी कधीं कधीं काळसर होते ती त्यामुळेंच. डेंग्यूमध्यें रक्तांतला पातळ भाग वाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्तदाब उतरतो, आणि मूत्रपिंडांना रक्त अपुरें पडतें. गवता-झुडपांतल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यानें येणारा स्क्रब टायफस २०१८ सालीं विदर्भांत बराच पसरला होता. त्यांत चाव्याच्या जागीं पुष्कळदां काळी खपली धरते, आणि बारीक वाहिन्यांना सूज येऊन मूत्रपिंडांपर्यंत इजा पोंचते. कारणें निरनिराळीं, पण घाव एकाच जागीं. त्यांत तापानें आणि ओकार्‍यांनीं शरीरांतलें पाणी आटलेलें असतें, आणि वरून आपण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्या देतों. या गोळ्या अशा वेळीं मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. आधींच थकलेल्या बैलाच्या पाठीवर आणखी एक पोतें टाकावें, तसा हा प्रकार होतो.

मूत्रपिंडांचा स्वभावच अबोल. तीं दोन, प्रत्येक मुठीएवढें, वजनानें दीडशें ग्रॅमच्या आसपास, आणि प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या. दिवसभरांत त्या सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतला बहुतेक सर्व परत शरीराच्या हवालीं करतात, आणि अवघा दीड लिटर बाहेर टाकतात. एखाद्या कर्त्या गृहिणीसारखा हा कारभार आहे. घरांत कितीहि ओढाताण होवो, ती पाहुण्याला कळूं देत नाहीं. हृदयाला त्रास झाला तर छातींत दुखतें. तापांत मूत्रपिंडें बिघडलीं तर बहुधा कांहींच दुखत नाहीं. म्हणून तीं काय म्हणतात हें ऐकावयाचें तर त्यांच्या दारांतून बाहेर काय आणि किती येतें, तें पाहिलें पाहिजे. आणि तेंच पाहण्याची आपल्याला लाज.

संस्कृत शिकलेला माणूस म्हणून या लाजेचें मूळ मीं पुढें जुन्या ग्रंथांत शोधून पाहिलें. तेथें तें मला सांपडलें नाहीं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार मोजून सांगितले आहेत. योगरत्नाकरांत रोग्याच्या लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो पसरतो कीं बुडतो, हें पाहण्याची परीक्षा दिली आहे. ती परीक्षा आज कोणी ग्राह्य धरणार नाहीं. चरकानें वृक्कांना, म्हणजे मूत्रपिंडांना, मेदाच्या स्रोतसांचें मूळ म्हटलें आहे. मूत्राचें मूळ त्यानें बस्ति आणि वंक्षण येथें मानलें. तेव्हां आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह मी टाळतों. पण एक गोष्ट खरी. रोग्याची लघवी पाहण्यांत आणि तिच्याविषयीं स्पष्ट बोलण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. संकोच हा आमचा, शास्त्राचा नव्हे.

आतां दुसरी हकीकत सांगतों. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेनें किनारा सोडला. सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलें. आमच्याच तालुक्यांतल्या ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्टला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेक जीव गेले. आमचें कुंडल नदीपासून दूर, म्हणून घर कोरडें राहिलें. पण भावजयीचें माहेर कृष्णाकांठचें. पाणी उतरल्यावर पुतण्या आजोळीं गेला आणि तीन दिवस अनवाणी चिखल उपसून आला. मीं त्याची पाठ थोपटली. टांचेला कांच लागून झालेली जखम मला दिसली होती. चौदा वर्षांपूर्वीं टेलिफोनवर ऐकलेलें वाक्य मला त्या वेळीं आठवलें नाहीं.

बरोबर दहाव्या दिवशीं त्याला ताप भरला. पुराच्या दिवसांत ताप कोणाला येत नाहीं, असें म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. त्यानें अंगदुखीच्या गोळ्या आणविल्या. तिसर्‍या दिवशीं दुपारीं ताप थोडा उतरला म्हणून तो आमच्याबरोबर पानावर येऊन बसला. सुनबाई भात वाढीत होती. वाढतां वाढतां तिनें नवर्‍याला विचारलें, “सकाळपासून लघवीला किती वेळां जाऊन आलांत?”

पंगतींत मी होतों, भावजय होती, सोलापूरचे पाहुणे होते. मीं हातांतला घांस खालीं ठेवला आणि म्हणालों, “सुनबाई, जेवत्या माणसांपुढें असले प्रश्न विचारूं नयेत. घराला कांहीं रीत आहे.” तिची मान खालीं गेली. पुतण्याहि कांहीं बोलला नाहीं. पाहुण्यांनीं पावसाचा विषय काढला, आणि जेवण पुरें झालें.

ही आमची सून विज्ञानाची पदवीधर. लग्नापूर्वीं दोन वर्षें तिनें एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेंत काम केलेलें. तिनें मला उलट उत्तर दिलें नाहीं, पण आपलें कामहि सोडलें नाहीं. आदल्या दिवशींच तिनें एका रिकाम्या बाटलीवर मापून खुणा केल्या होत्या आणि ती न्हाणीघरांत ठेवून दिली होती. नवर्‍यानें किती पाणी प्यालें आणि किती बाहेर टाकलें, हें ती मुलांच्या शाळेच्या एका जुन्या वहींत वेळेसह टिपून ठेवीत होती. घरांत हें कोणालाच ठाऊक नव्हतें. मला तर नव्हतेंच.

चौथ्या दिवशीं डॉक्टरांच्या सांगण्यावरून रक्त तपासलें. कागद हातीं आला तो घरचा वडील म्हणून मीं चष्मा लावून वाचला. बिंबाणु, म्हणजे प्लेटलेट, कमी होते. क्रिएटिनिन १.१ होतें, आणि शेजारीं छापलेली मर्यादा ०.७ ते १.३ होती. मीं समाधानानें म्हणालों, “मूत्रपिंडें ठीक आहेत.” तेव्हां सुनबाई माझ्यापुढें आली. तिच्या एका हातांत वही होती, आणि दुसर्‍या हातांत एक जुना कागद.

“अण्णा, यांना नोकरी लागली तेव्हां केलेल्या तपासणीचा हा कागद. त्या वेळीं हाच आकडा ०.७ होता. आणि ही वही बघा. परवां अकराशें मिलिलिटर, काल साडेसहाशें, आणि काल रात्रीपासून आतांपर्यंत दहा तासांत दीडशें. पाणी दोन लिटरांच्या वर पोटांत गेलेलें आहे. आपण आजच्या आज सांगलीला जाऊं या.”

तिचा आवाज कांपत होता, पण ती मागें सरली नाहीं. मीं वही हातांत घेतली. तिसर्‍या दिवसाच्या रकान्यांत दुपारच्या जेवणाची वेळ होती. तिच्यापुढें तिनें आंकडा घातला नव्हता; एक आडवी रेघ ओढली होती. ती रेघ माझ्यामुळें ओढली गेली होती. आम्ही तासाभरांत गाडी बोलावली.

सांगलीच्या डॉक्टरांनीं प्रथम वही वाचली, मग दोन्ही कागद. मला म्हणाले, “मास्तर, छापील मर्यादा ही निरोगी माणसांच्या मोठ्या समुदायाची असते. या मुलाची मर्यादा त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्यावरून ठरवायची.” मग त्यांनीं मला मुलाला शिकवावें तसें शिकविलें. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या व्यवहारांतून निघणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडें तो बाहेर टाकतात. गाळण्या बंद पडूं लागल्या कीं तो रक्तांत सांचतो. पण सांचायला वेळ लागतो. इजा आज झाली तर आकडा पुरता चढायला एक-दोन दिवस जातात. शिवाय अर्ध्याअधिक गाळण्या निकामी होईपर्यंत तो छापील मर्यादा ओलांडीलच, असा नेम नाहीं. कृश माणसांत आणि वृद्ध स्त्रियांत स्नायु थोडे, म्हणून आकडाहि मुळांतच कमी. त्यांचा १.१ हा धडधाकट गड्याच्या १.१ सारखा नव्हे. जगांतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनीं २०१२ सालीं यासाठीं एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली आहे. अठ्ठेचाळीस तासांत क्रिएटिनिन ०.३ नें वाढलें, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालें, किंवा लघवी सहा तासपर्यंत दर किलो वजनाला ताशीं अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर मूत्रपिंडाला नवी इजा झाली असें समजावयाचें. तिहींपैकीं एक लक्षण पुरे. पुतण्याचें वजन अठ्ठावन्न किलो. म्हणजे दहा तासांत निदान २९० मिलिलिटर हवी होती, ती झाली दीडशें. आकडाहि दीडपटीहून अधिक झालेला. मीं ज्या कागदावर ‘ठीक’ असा शेरा मारला होता, तो कागद खरें म्हणजे धोक्याची घंटा वाजवीत होता.

या क्रिएटिनिनच्या तपासणींत एक योगायोग आहे, तो मला फार नवलाचा वाटला. वाइलनें ज्या १८८६ सालीं या तापाचें वर्णन केलें, त्याच सालीं माक्स जाफे या दुसर्‍या जर्मन शास्त्रज्ञानें पिक्रिक आम्लाशीं क्रिएटिनिनचा संयोग होऊन रंग कसा चढतो, हें दाखविलें. रोग आणि त्याचा माग काढणारी परीक्षा, दोन्ही एका सालचीं. पुष्कळ लहान प्रयोगशाळांत आजहि जाफेचीच रीत चालते. तिच्यांत एक खोट आहे. रोग्याला कावीळ जास्त असली तर रक्तांतलें पित्तद्रव्य त्या रंगाच्या मापनांत ढवळाढवळ करतें, आणि आकडा असावा त्याहून कमी दिसूं शकतो. लेप्टोमध्यें तर कावीळ वारंवार असते. म्हणून पिंवळ्या डोळ्यांच्या रोग्याचा आकडा चांगला दिसला तरी डॉक्टर एकाच कागदावर विसंबत नाहींत. एक-दोन दिवसांनीं पुन्हां तपासतात, लघवीचें मान पाहतात, आणि लघवींत रंगाची पट्टी बुडवून तिच्यांत प्रथिन किंवा रक्त आहे का, तेंहि बघतात. ही पट्टी स्वस्त असून मिनिटा-दोन मिनिटांत उत्तर देते.

क्रिएटिनिनच्या आधीं बोलणारी परीक्षा शोधण्याचे यत्नहि चालू आहेत. २००५ सालीं, म्हणजे माझा भाऊ गेला त्याच वर्षीं, अमेरिकेंतील सिन्सिनाटी येथील संशोधकांनीं हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांमध्यें दाखवून दिलें कीं, एनगॅल नांवाचें प्रथिन इजेनंतर दोन तासांत लघवींत वाढतें. ही बातमी मोठीच होती. पण जंतूंच्या तापांत पांढर्‍या रक्तपेशीहि हें प्रथिन सोडतात. त्यामुळें तें वाढलें म्हणजे मूत्रपिंडच दुखावलें, असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं; आणि ही तपासणी खेड्यापाड्यांत सहजीं मिळणारीहि नव्हे. तोंपर्यंत मागचा आकडा, आजचा आकडा, पट्टी, आणि खुणा केलेली बाटली हींच आपलीं साधनें.

पुतण्याचा आकडा दुसर्‍या दिवशीं २.६ झाला, तिसर्‍या दिवशीं ४.१. पट्टींत प्रथिन आणि रक्त दोन्ही निघालें. रक्ताच्या परीक्षेंत लेप्टो ठरला, पण त्या उत्तराची वाट न पाहतां पेनिसिलिन पहिल्याच रात्रीं सुरू झालें होतें. अंगदुखीच्या गोळ्या बंद केल्या. शिरेंतून द्यावयाचें पाणी तासातासाला मोजून दिलें. आमच्या कुटुंबानें प्रेमानें नेलेलीं शहाळीं डॉक्टरांनीं परत पाठविलीं. लघवी थांबली असतां शहाळ्यांतलें पोटॅशियम रक्तांत सांचून हृदयाला बाधूं शकतें, हें आम्हांला तेव्हां कळलें. डायालिसिसची तयारी ठेवली होती. सहाव्या दिवशीं पहाटे सुनबाई प्रतीक्षालयांत आली आणि म्हणाली, “रात्रभरांत आठशें.” माझ्या भावजयीला प्रथम अर्थ कळेना. कळला तेव्हां ती भिंतीशीं टेकून खालींच बसली, आणि पदर तोंडाशीं धरून रडूं लागली. डायालिसिसची गरज पडली नाहीं. बाराव्या दिवशीं मुलगा घरीं आला. तीन महिन्यांनीं पुन्हां तपासावयास सांगितलें होतें, तसें तपासलें, आकडा ०.८ होता.

घरीं आल्यावर मीं सुनबाईला सर्वांसमक्ष बोलावलें आणि म्हणालों, “त्या दिवशीं पानावर मीं तुला बोललों, तें चुकलों.” ती म्हणाली, “अण्णा, तसें कांहीं नाहीं.” पण तसेंच होतें. भावाच्या उशाशीं डॉक्टरांनीं विचारलेला प्रश्न, ज्याचें उत्तर आम्हां कोणालाच देतां आलें नव्हतें, तोच प्रश्न चौदा वर्षांनीं माझ्या घरांतल्या मुलीनें वेळेवर विचारला, आणि मीं रीतभात सांगून तिचें तोंड बंद केलें. दुःख आपोआप माणसाला शहाणें करतें, असें मी समजत होतों. तसें होत नाहीं. तें वहींत उतरवावें लागतें.

अनुभवानें आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून आमच्या घरांत आतां जो परिपाठ ठरला आहे, तो सांगून हें लांबलेलें लेखन आटोपतों. घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचें क्रिएटिनिन तो निरोगी असतांना एकदां तपासून, तो कागद जन्मपत्रिकेसारखा जपून ठेवलेला आहे. पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यांत कोणी गेलें, कीं पाय साबणानें धुवून जखम झांकावयाची, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांना विचारावयाचें. मुंबईची महानगरपालिकाहि पावसाळ्यांत लोकांना हेंच बजावते, कीं सांचलेल्या पाण्यांतून चाललेल्यांनीं बहात्तर तासांच्या आंत डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रतिबंधक औषध घ्यावें. ताप आला कीं कोणकोणत्या पाण्यांत आणि कोणत्या मळ्यांत जाऊन आलों, तें डॉक्टरांना न विचारतां सांगावयाचें. अंगदुखीची गोळी मनानें घ्यावयाची नाहीं. पहिल्याच दिवसापासून बाटली आणि वही. लघवी कमी झाली, चहासारखी काळसर झाली, ओकार्‍या थांबेनात, धाप लागली किंवा डोळे पिंवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळ. अशा वेळीं पाणी पाजण्याचा अतिरेक करूं नये. जें बाहेर जात नाहीं तें फुप्फुसांत सांचतें. आणि लघवी भरपूर होत आहे म्हणूनहि निर्धास्त राहूं नये. लेप्टोच्या आरंभीं पुष्कळदां ती नेहमींइतकी होत असते, आणि आंत मूत्रपिंड दुखावलेलें असतें. म्हणून वहीनें रक्ताच्या तपासणीची जागा घेऊं नये. एकीनें दुसरीला साथ द्यावी.

गेल्या श्रावणांत मला दोन दिवस ताप आला. तो साधाच निघाला. दुसर्‍या दिवशीं दुपारीं मी पानावर बसलों होतों. पंगतींत पुतण्या होता, भावजय होती, सुनबाईच्या माहेरचीं माणसें होतीं. सुनबाईनें वाढतां वाढतां विचारलें, “अण्णा, सकाळपासून किती?”

मीं सांगितलें, “तीन वेळां मिळून साडेसहाशें.” पाहुणे क्षणभर गप्प झाले. धाकटी नात उठली, हात धुऊन आली, आणि तिनें तो आंकडा वहींत लिहिला.